रेखाताई आणि निळी पूड

समोरच्याचं बोलणं संपलं तरी रेखाताई लगेच तोंड उघडायच्या नाहीत. खाली बघत जराशा थांबायच्या आणि मग बोलायच्या. नवीन माणसाला वाटायचं, बाईंना काही कळलेलं दिसत नाही. पण ते थांबणं त्यांच्या कामाचाच भाग होता. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात प्लॅस्टिकचे भाग बनतात आणि तिथली निम्मी मशिनं चीनहून आलेली आहेत. त्या मशिनांबरोबर येणाऱ्या माणसांचं बोलणं आम्हाला मराठीत सांगायचं आणि आमचं त्यांना चिनीत, हे काम रेखा गांगुर्डे करायच्या. चिनी त्या पुण्यात शिकल्या होत्या. तुम्ही चिनीच का शिकलात, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "जर्मनच्या वर्गात जागा नव्हती."

मी परचेसला. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. माझ्यापेक्षा त्या दहाएक वर्षांनी मोठ्या असतील. कारखान्यात सगळे त्यांना गांगुर्डे मॅडम म्हणायचे, मी रेखाताई म्हणायची.

आपल्या कामाबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पदरचं घालायचं नाही आणि पदरात ठेवायचंही नाही." हे वाक्य त्या कसं पाळतात ते मी पहिल्याच वर्षी पाहिलं. नवीन मशीन सारखं बंद पडत होतं आणि मोठे साहेब भडकले होते. मशीन बसवायला आलेले लियांग नावाचे म्हातारे तंत्रज्ञ शांतपणे गरम पाणी पीत बसले होते. साहेब म्हणाले, "याला सांगा, असलं भंगार विकायला लाज वाटत नाही का? याच्या बापानं कधी मशीन पाहिलं होतं का, विचारा."

रेखाताई म्हणाल्या, "जसंच्या तसं सांगू का, सर?"

"शब्दन्‌शब्द सांगा."

त्या थांबल्या आणि मग सांगितलं. लियांगनी पेला खाली ठेवला आणि सावकाश बरंच काही बोलले. रेखाताई पुन्हा थांबल्या. "ते म्हणतात, मशीन भंगार नाही. तुमच्या माणसांनी तेल न गाळता भरलंय. त्यांच्या वडिलांनी मशीन पाहिलं नव्हतं, ते भातशेती करायचे. तुमचे वडील काय करायचे, असं विचारतायत."

साहेबांचे वडील इथल्याच द्वारका चौकात सायकली दुरुस्त करायचे. साहेब आधी चमकले, मग हसले, आणि तेल बदलायला सांगितलं. त्या दिवसापासून लियांग रेखाताईंना धाकटी बहीण मानायला लागले.

एवढ्या स्पष्ट बाई, पण आजाराबद्दल मात्र कितीतरी दिवस कुणाला काही बोलल्या नव्हत्या. मला कळलं ते त्यांच्या चालण्यावरून. टेबलावरून उठून त्या एकदम चालायला लागायच्या. कुणी हाक मारली तरी थांबायच्या नाहीत, आणि परत यायच्या तेव्हा चेहरा पांढराफटक असायचा. पुढे त्यांनीच सांगितलं. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, आणि संडासची कळ आली की थांबून राहणं शक्य नसतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस. नाव सांगून म्हणाल्या, "याला मराठी शब्द नाही गं. मी शोधला."

उपनगर भागातल्या त्यांच्या कॉलनीपासून अंबडपर्यंतच्या रस्त्यावर कुठल्या पेट्रोल पंपावर, कुठल्या हॉटेलात, कुठल्या शोरूममध्ये संडास आहे आणि तिथल्या दाराला कडी लागते की नाही, हे सगळं त्यांना पाठ होतं. सगळ्यात जास्त भीती द्वारकेच्या चौकाची. तिथे गाड्या अडकल्या की हलत नाहीत. एकदा मी त्यांच्यासोबत रिक्षात होते आणि आम्ही नेमके तिथेच अडकलो. पुढे ट्रक, मागे बस. रेखाताईंनी माझं मनगट धरलं. मग खाली उतरल्या आणि गाड्यांच्या मधून वाट काढत एका टायरच्या दुकानात शिरल्या. मी मागे पळाले. दुकानदार गादीवर बसला होता. त्याला त्या म्हणाल्या, "मी आजारी आहे. मला संडासला जायचंय, आत्ता." त्या माणसाने काही न विचारता मागचं दार दाखवलं. त्या बाहेर आल्या तेव्हा त्याने स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवलेला होता. रिक्षात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आज रक्त फार होतं."

औषधं चालू होती. आधी गोळ्या, मग स्टेरॉईड. त्याने चेहरा सुजून गोल झाला, इतका की ओळखपत्रावरचा फोटो पाहून गेटवरचा नवीन वॉचमन घोटाळ्यात पडला. नंतर इंजेक्शनं सुरू झाली. त्यांनी वर्षभर आराम मिळाला आणि मग त्यांचाही उपयोग होईना. पोटाच्या डॉक्टर बाई समजूतदार होत्या. अजून एक-दोन औषधं करून बघू, म्हणाल्या, नाहीतर ऑपरेशन. मोठं आतडं काढून टाकायचं आणि निदान काही महिने पोटावर शौचाची पिशवी. हे ऐकून रेखाताईंचे यजमान, अशोक सर, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक, दवाखान्यातच रडले. रेखाताई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पिशवी लावून परदेशी जाता येतं का?" डॉक्टर म्हणाल्या, "येतं." पण ऑपरेशनची तारीख त्यांनी घेतली नाही.

त्याच हिवाळ्यात कामासाठी त्यांना चीनला जावं लागलं. तिकडे लियांगना त्यांचा चेहरा पाहवला नाही आणि ते त्यांना आपल्या ओळखीच्या एका दवाखान्यात घेऊन गेले. परत आल्या तेव्हा त्यांच्या बॅगेत गर्द निळ्या पुडीच्या पिशव्या होत्या. चिंग-दाई तिचं नाव. निळीचीच भावंडं असलेल्या झाडांची पानं कुजवून, चुना घालून जो फेस येतो, तो वाळवून करतात.

मला वाटलं, आता या आम्हाला चिनी औषधाचे चमत्कार सांगणार. पण त्यांनी पूड उघडलीही नाही. आधी वाचायला बसल्या. दुसऱ्यांना इंग्रजीतलं जेवढं मिळतं तेवढं, आणि वर चिनीतलं मूळ, असं दोन्ही त्यांना वाचता येत होतं. दुपारी कॅन्टीनमध्ये डबा पुढे ओढून त्या मला सांगायच्या.

"हे बघ, इथे लिहिलंय, एवढ्या लोकांवर परिणाम झाला. मी म्हटलं, परिणाम म्हणजे काय? तर त्यांचे तीन शब्द आहेत. बरा झाला, चांगला फरक पडला, आणि फरक पडला. तिघांची बेरीज करतात आणि म्हणतात परिणाम झाला. म्हणजे जो खडखडीत बरा झाला तो, आणि ज्याला जरा बरं वाटतंय तो, दोघं एकाच पोत्यात."

"म्हणजे खोटं आहे का सगळं?"

त्या थांबल्या. "खोटं नाही म्हणता येणार. कच्चं आहे. कुणाला खरं औषध दिलंय आणि कुणाला नुसती पूड, हे पेशंटला कळू द्यायचं नसतं. बऱ्याच ठिकाणी ते झाकलेलंच नाही. काढ्यात दहा-बारा झाडपाले, प्रत्येक डॉक्टरचे वेगळे, मग कशाने काय झालं ते कसं कळणार? थोडी माणसं, थोडे आठवडे. अशावर मी मशीनसुद्धा घेऊ दिलं नसतं."

"आणि ही निळी?"

"हिचं जरा वेगळं आहे. हिची जपानच्या डॉक्टरांनी नीट चाचणी केलीय, झाकून. रक्त थांबतं. खरंच थांबतं." मग पोळीचा तुकडा तसाच हातात ठेवून म्हणाल्या, "पण त्यांनीच पुढे लिहिलंय, की ही घेत राहिलेल्या काही जणांना हृदयाकडून फुप्फुसात जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब वाढला. सगळ्यांना नाही. कुणाला वाढेल ते आधी सांगता येत नाही."

डॉक्टरांकडे त्या मला घेऊन गेल्या, कारण सरांच्या शाळेत तपासणी होती. लपवलं काहीच नाही, पुडीची पिशवी सरळ टेबलावर ठेवली. डॉक्टर बाईंनी या पुडीबद्दल वाचलेलं होतं. त्या म्हणाल्या, "हे काम करतं, हे मी नाकारत नाही. पण मी लिहून देणार नाही. पिशवीत नेमकं काय भरलंय ते मला माहीत नाही, आणि त्या दाबाची मला भीती वाटते. ऑपरेशनला मात्र तुम्ही आज फिट आहात. हे लक्षात ठेवा, आज."

"आणि मी घेतलीच तर?"

"तर थोडे दिवस घ्या. दर काही महिन्यांनी हृदयाची इको करा. दम लागला तर त्याच दिवशी बंद करून माझ्याकडे या. वाट बघायची नाही."

जिना उतरताना मी म्हटलं, "ताई, त्या नको म्हणाल्या."

"नको नाही म्हणाल्या," रेखाताई म्हणाल्या. "लिहून देणार नाही म्हणाल्या. दोन वेगळी वाक्यं आहेत."

पूड सुरू झाली. त्यांच्या बोटांची टोकं निळी दिसायला लागली, घरातला एक कप कायमचा निळा झाला, जिभेवरही कधी कधी निळसर छटा असायची. आणि महिना होतो न होतो तोच रक्त थांबलं. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून नाही कसं म्हणू? उठून चालायला लागणं बंद झालं. सुजलेला चेहरा उतरला. एका शनिवारी आम्ही दोघी मिसळ खायला गेलो. कितीतरी वर्षांनी त्यांनी तर्री वाढून घेतली, आणि मला नुसती भीती वाटत राहिली. द्वारकेवर रिक्षा अडकली तेव्हा त्या चक्क झोपल्या होत्या.

थोडे दिवस म्हणून सुरू झालेली पूड वर्ष उलटून गेलं तरी चालूच राहिली. लियांग येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पिशव्या पाठवायचे. पहिली इको चांगली आली, दुसरीही. तिसरीचा विषय काढला की त्या म्हणायच्या, "करायचीय."

मनीषा गावित आमच्या पॅकिंग लाइनवरची मुलगी, सुरगाण्याची. अंबडलाच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. एकदा रेखाताई आणि मी बाथरूममध्ये गेलो तेव्हा ती भिंतीला हात लावून उभी होती. रेखाताईंनी तिच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "रक्त कधीपासून पडतंय?"

मुलगी घाबरली. "तुम्हाला कुणी सांगितलं, मॅडम?"

"कुणी नाही. मी पण अशीच उभी राहायचे."

रेखाताई तिला आपल्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तोच आजार, पण सुरुवातीचा. साध्या गोळ्यांनी आटोक्यात येईल, मात्र वेळ लागेल आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. मनीषाला तो वेळ फार वाटायला लागला. निळ्या पुडीची गोष्ट लाइनवर सगळ्यांनाच माहीत होती. एका रविवारी मी रेखाताईंकडे बसले होते, तेव्हा तिचे वडील आले. काशिनाथ गावित सुरगाण्याच्या रस्त्यावर जीप चालवायचे. जीप कॉलनीतल्या विहारापाशी लावून ते तांदळाची पिशवी घेऊन वर आले, आणि खुर्ची पुढे केली तरी दाराजवळच बसले.

"मॅडम, पोरीनं सांगितलं. तुमच्याकडं चायनाची दवा हाय."

"आहे."

"तुमचं रगत थांबलं ना?"

रेखाताई थांबल्या. "थांबलं."

"मंग आमच्या पोरीला द्या थोडी. लय खराब झाली हो ती."

रेखाताईंनी त्यांना सगळं सांगितलं. चाचण्या, दाब, डॉक्टर काय म्हणाल्या ते, मनीषाचा आजार अजून गोळ्यांनी आटोक्यात येण्यासारखा आहे हेही. एकही शब्द जड वापरला नाही. शेवटी म्हणाल्या, "गावितभाऊ, मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा."

गावितांनी विचार केला. "तुमचं थांबलं," ते म्हणाले.

पूड देता येणार नाही, असं रेखाताईंनी सांगितलं. गावित उठले. आवाज न चढवता ते म्हणाले, "तुम्हाला चालती, आमच्या पोरीला चालत नाय. बरं." तांदळाची पिशवी त्यांनी तिथेच ठेवली.

नंतर मनीषा कामावर यायची बंद झाली. तिच्या मैत्रिणीकडून कळलं, ती सरकारी दवाखान्यात आहे. आम्ही गेलो तेव्हा तिला रक्त चढवत होते. ओठांच्या कडा निळ्या होत्या. गावितांनी केसांना लावायची नीळ विकत आणली होती, पानांची, कलपाची. सकाळ-संध्याकाळ पाण्यातून पाजली, आणि दोन दवा एकत्र नकोत म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या. पोरीचं रक्त वाहतच राहिलं. ते खाटेच्या पायथ्याशी उभे होते. रेखाताईंना म्हणाले, "नीळ ती नीळच ना, मॅडम?" त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. त्यांना खरंच उत्तर पाहिजे होतं.

रेखाताईंनी मान हलवून नाही म्हटलं. मनीषाचा हात हातात घेऊन त्या थोडा वेळ बसल्या आणि मग आम्ही निघालो.

दवाखान्याच्या जिन्यात त्या मधेच बसल्या. मला वाटलं, रडू येतंय. रडू नव्हतं, श्वास होता. तोंड उघडं, खांदे वरखाली होतायत, आणि गळ्याजवळची शीर उडताना दिसतेय.

"गरम होतंय," त्या म्हणाल्या.

दिवाळी होऊन गेली होती. मी शाल पांघरली होती.

"ताई, इको कधी केली होती?"

त्या खाली बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दम दसऱ्याच्या आधीपासून लागतोय. इको केली तर ते पूड बंद करायला सांगतील. मग पुन्हा ते सगळं." जरा थांबून म्हणाल्या, "दम लागला तर बंद करायची, हे वाक्य मी सगळ्यांना सांगितलं बघ. गावितांनाही सांगितलं."

स्वतःला सांगताना मात्र ते त्यांनी गाळलं होतं. हे मी बोलले नाही, त्यांना ते कळलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी इको झाली. डॉक्टर बाईंनी रिपोर्ट पाहिला आणि त्या रागावल्या नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी पूड तिथल्या तिथे बंद केली आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "बंद केल्यावर बहुतेकांचा दाब उतरतो," त्या म्हणाल्या. रेखाताईंनी विचारलं, "बहुतेक म्हणजे काय?" डॉक्टर म्हणाल्या, "सगळे नाहीत."

रेखाताईंचा दाब थोडा उतरला आणि तिथेच थांबला. रक्त मात्र थांबलेलं राहिलं नाही. काही आठवड्यांत ते परत आलं, आणि पहिल्यापेक्षा जोरात. आता त्या संडासपर्यंत पळू शकत नव्हत्या. चार पावलं चालल्या की धाप लागायची. अशोक सरांनी बेडरूममध्येच सोय करून दिली. मी भेटायला जायची तेव्हा खिडकी उघडी असायची, उदबत्ती लावलेली असायची, आणि दोघं एकमेकांकडे न बघता बोलायचे. बोलायच्या मात्र त्या पहिल्यासारख्याच. लियांगना कळलं तेव्हा ते फोनवर फार रडले. त्या मला म्हणाल्या, "ते म्हणतायत, माझी चूक. मी सांगितलं, चूक तुमची नाही. तुम्ही पिशवी दिली, वाचलं मी होतं."

शेवटी ऑपरेशन ठरलं. ज्या ऑपरेशनला त्या कधी काळी फिट होत्या, तेच. आता त्यासाठी मुंबईला, हृदयाचे डॉक्टर हाताशी असलेल्या मोठ्या दवाखान्यात जायचं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सरांना आणि त्यांना समोर बसवून धोका समजावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही नीट सांगितलंत." आतडं काढलं, ऑपरेशन पार पडलं, असा सरांचा फोन आला. दुसरा फोन आला तेव्हा आम्ही कारखान्यात होतो. भुलीनंतर हृदयाने दोन दिवस ओढलं आणि मग सोडून दिलं.

पुढे लियांगचा फोन ऑफिसात आला. ते काय बोलतायत ते सांगायला आमच्याकडे कुणी नव्हतं. मोठे साहेब रिसीव्हर कानाला लावून नुसतं ऐकत उभे राहिले, पलीकडचा आवाज थांबेपर्यंत. मनीषा गोळ्या वेळेवर घेते आणि लाइनवर परत आली आहे. गावित तिला भेटायला येतात तेव्हा माझ्याकडे बघून नमस्कार करतात, बोलत नाहीत.

मला रेखाताई शेवटच्या दिसल्या त्या मुंबईला निघाल्या त्या सकाळी. जिना उतरताना त्या प्रत्येक वळणावर बसल्या. कॉलनीतल्या बायका खाली जमल्या होत्या. त्यांच्याशी त्या हसून बोलल्या, एकीच्या सुनेचं बाळंतपण कधी आहे तेही विचारलं. सर बॅगा डिकीत ठेवत होते. गाडीत बसल्यावर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "वर जाऊन गॅस बंद आहे का बघून ये गं."

मी वर गेले, बघितलं आणि सांगायला बाल्कनीत आले. बायका बाजूला झाल्या होत्या, सर डिकीशी होते. गाडीच्या उघड्या काचेतून रेखाताई दिसत होत्या. आपल्याकडे कुणी बघत नाही असं त्यांना वाटत असावं. डोकं मागे टाकलेलं, एका हाताने पुढची सीट घट्ट धरलेली, आणि तोंड उघडं टाकून त्या श्वास घेत होत्या, पाण्यातून वर आलेलं माणूस घेतं तसा. एवढा वेळ तो त्यांनी कुठे दाबून ठेवला होता कोण जाणे.

डिकी बंद झाल्याचा आवाज आला तशा त्या सरळ बसल्या. पदर नीट केला. वर बघितलं.

"बंद आहे," मी म्हटलं.

त्यांनी हात वर केला. गाडी विहाराच्या बाजूने वळली. गॅस बंदच असणार हे त्यांना आधीपासून माहीत होतं, असं मला वाटतं.